रंगमंचावरील ड्रम आणि एकदिश मायक्रोफोन

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात ड्रमजवळ मायक्रोफोन आला तो श्रोतृसमुदाय वाढल्यामुळे, असे सामान्यतः मानले जाते. हे मत अर्धेच खरे होय. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्ससमोर सुमारे ५५,६०० श्रोते होते आणि त्यांच्या कल्लोळात संगीत बुडून गेले. कर्ण्यांची शक्ती वाढणे हा उपायाचा एक भाग; मायक्रोफोनचा आकार हा दुसरा, आणि तोच दुर्लक्षित राहिला आहे.

शुअर कंपनीच्या १९३९ च्या युनिडाइनने पाठीमागचा ध्वनी बराच टाळला. परंतु त्याचा बोजड देह ड्रम व झांज यांच्या फटीत शिरणारा नव्हता. १९५९ चा युनिडाइन-तीन सडपातळ असून टोकाकडून ध्वनी घेई. त्यावर आधारलेला १९६५ चा एसएम-५७ मुळात स्टुडिओसाठी होता, ही गंमतच म्हणावयाची. रंगमंचावर तो रुळला, कारण तो पुडीच्या अगदी निकट नेता येई व झांजेकडे त्याची पाठ करता येई. पुढे जमिनीवरील स्टँडऐवजी ड्रमच्या कडेलाच पकड बसू लागली. अंतर कायम राहिले. मात्र कडेचा कंप थेट मायक्रोफोनमध्ये उतरू लागला, आणि मायक्रोफोनइतकाच पकडीतील रबराचाही विचार करणे भाग पडले.