गरोदरपणातली चिंता: घरच्यांचा आधार का महत्त्वाचा?

बाळ नीट असेल ना, बाळंतपण सुखरूप होईल ना, ही काळजी बहुतेक गरोदर स्त्रियांना वाटते. पण ती दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप उडाली, धडधड वाढली, कामात लक्ष लागेना, तर डॉक्टरांशी बोलायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगात सुमारे १० टक्के गर्भवतींना मानसिक आजार होतो, त्यात नैराश्य मुख्य. विकसनशील देशांत हे प्रमाण १५.६ टक्के आहे.

आधार कधी?
जळगावच्या मेहरूणमध्ये काय किंवा इतरत्र काय, डोहाळजेवण बहुधा सातव्या महिन्यात होतं आणि त्यानंतर अनेक जणी माहेरी जातात. मात्र उलट्या, थकवा आणि धास्तीचे पहिले महिने सासरीच जातात. आधार तेव्हापासून हवा. तिचं ऐकून घेणं, घरकाम वाटून घेणं, तपासणीला नवऱ्याने सोबत जाणं हा खरा आधार. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हटलं की ती बोलणंच बंद करते.

मदत कुठे?
आशाताईंना सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी होते, तिथे मनाचा त्रासही सांगा. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत समुपदेशन मिळतं. स्वतःला इजा करण्याचे विचार आले तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.