अब्राहामाचं कीर्तन

रशियन ज्यू लेखक वाचायला घेतले की पहिला प्रश्न भाषेचाच येतो. ओडेसाचा आयझॅक बाबेल यिद्दिश-हिब्रूच्या वातावरणात वाढला, पण लिहिलं रशियनमध्ये. त्याच्या 'रेड कॅव्हलरी'तला ज्यू निवेदक कोसॅक घोडदळात सामावून जायला धडपडतो. ही ओढाताण महाराष्ट्रात सापडते का, हे मला तपासायचं होतं. म्हणून तुलनेला घेतले बेने इस्राएल.

तुम्ही दारव्हा-पुसदकडचे असाल तर यांच्यापैकी कुणी कदाचित भेटलंच नसेल. बायबल मात्र आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 ते 1983 यवतमाळातच होती. बेने इस्राएल मूळचे कुलाब्याकडचे, म्हणजे आजच्या रायगडचे. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनवार तेली'. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, किहीमकर. प्रार्थना हिब्रूत, पण घरात मराठीच. बाबेलसारखी मागे टाकायला दुसरी घरची भाषा यांच्याकडे नव्हतीच, आणि माझ्या मते सगळा फरक इथेच पडतो.

1880 च्या सुमारास मुंबईत त्यांच्यातल्या काहींनी कीर्तनं रचायला घेतली. कीर्तन म्हणजे आपलंच हो! साकी, दिंडी, ओवी, मध्ये निरूपण. आख्यान मात्र अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. गंमत अशी की या कथा मराठीत आणण्यात मिशनऱ्यांचा मोठा हात होता. जॉन विल्सननं तर 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. त्यांना हवं होतं धर्मांतर. ख्रिस्ती झाले फार थोडे, बाकीचे शिकून आपल्याच धर्मात पक्के झाले. आता साचा हरिकीर्तनाचा, कथा तोराहची, मराठी बरीचशी मिशनऱ्यांच्या छापखान्यातली. यातलं उसनं कुठलं म्हणायचं? 1874 साली पुण्यात छापलेल्या हग्गादात, म्हणजे वल्हांडणाच्या पोथीत, बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. चित्रकाराला हा प्रश्न पडला असेल असं वाटत नाही.

अडलं ते इस्राएलमध्ये. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या रब्बींनी लग्नाआधी बेने इस्राएलांच्या वंशाची चौकशी करायचे नियम काढले. लोक चिडले, धरणं धरून बसले. शेवटी 1964 मध्ये क्नेसेटनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, हे सर्वार्थानं ज्यूच आहेत असं जाहीर केलं. याच लोकांनी तिकडे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही काढलं.

मलिदाविधीत एलियाहू संदेष्टा कसा येतो, ते पुढच्या लेखात.