स्त्रियांची बसण्याची स्वतंत्र सोय

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती येतात, हळदीकुंकवाचा व सहलीचा वृत्तांत येतो, आणि तो यावाच. यंदा लेख मागितला गेला तेव्हा मी म्हटले, घरातल्या चुलीवर पुष्कळ लिहून झाले, मी घराबाहेर खाण्यावर लिहिते. दोघीतिघी हसल्या. हॉटेलात खाण्यात इतिहास कसला, असे एकीने विचारलेही. परंतु गावाहून मुंबईस गेलेल्या बाईने दुपारच्या वेळी कोठे टेकावे, काय खावे आणि कोणासमोर खावे, ह्या प्रश्नाला शंभरावर वर्षांचा इतिहास आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाचून, विचारून व घरातल्या थोर माणसांकडून ऐकून जे कळले ते भगिनींपुढे ठेवते.

प्रथम आपल्या तळवलीपुरते पाहू. आज आपण रबाळ्याला नाहीतर घणसोलीला गाडीत बसतो आणि तासा-दीड तासात मुंबईत उतरतो. पण ठाणे-वाशी मार्गावर उतारूंच्या गाड्या सुरू झाल्या त्या २००४ साली. मानखुर्दहून वाशीला गाडी आली ती १९९२ साली. वाशीचा खाडीपूल त्याआधीचा, १९७३ चा. तरी आपल्या बाजूच्या माणसांना कळव्यावरून ठाणे गाठणेच सोयीचे असे. ठाण्याला आगगाडी मात्र १८५३ पासून होती. म्हणजे उजाडण्यापूर्वी घर सोडायचे, ठाण्याला गाडी धरायची, दिवसभर बाजार करायचा आणि अंधार पडल्यावर परतायचे. एवढ्या दिवसात पुरुष मंडळी कोठेही शिरून चहा-भजी खाऊन घेत. बायकांची शिदोरी फडक्यात बांधलेली असे.

माझ्या सासूबाई आपल्या नणंदेच्या लग्नाचा बस्ता घ्यायला भुलेश्वरला व मंगळदास मार्केटला गेल्या होत्या. बरोबर तांदळाच्या भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. त्या सांगतात, “मुंबादेवीच्या देवळापाशी सावली होती, पण जवळा घेऊन देवळाच्या पायरीवर कसं बसायचं?” मग चौघीजणी तशाच उपाशी बोरीबंदरला आल्या आणि फलाटाच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून भाकरी खाल्ली. भिंतीकडे तोंड का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “बाई माणसानं रस्त्यात तोंड हलवू नये, असं आमच्या सासूनं सांगितलं होतं.” पाणी मात्र त्यांनी दिवसभर प्यायले नाही. त्याचे कारण भगिनींना सांगायला नको.

तेव्हा मुंबईत हॉटेले नव्हती असे मुळीच नाही. नाक्यानाक्यावर इराण्याचे हॉटेल होते. हे इराणी म्हणजे आपल्याकडे हजारावर वर्षांपूर्वी आलेले पारशी नव्हेत, जरी त्यांच्यातील बहुतेकांचा धर्म एकच. हे लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातील यझ्द व केरमान ह्या भागांतून आले. तिकडे दुष्काळ होता, अग्निपूजकांना जाचही होता. काही इराणी मुसलमानही आले. जवळ भांडवल थोडे, भाषा परकी. चहा, पाव आणि बिस्किटे एवढ्यावर त्यांनी धंदा उभा केला. कोपऱ्यावरचा गाळा आपल्याकडील व्यापारी अशुभ मानीत, म्हणून तो इराण्याला स्वस्तात मिळे, असे सांगतात. कोपऱ्याला दोन्ही रस्त्यांचे गिऱ्हाईक येते हे त्या परक्या माणसाला बरोबर कळले!

धोबीतलावचे कयानी १९०४ चे, ग्रँट रोडच्या मेरवानची स्थापना १९१४ ची, बॅलार्ड इस्टेटीतील ब्रिटानिया १९२३ चे. कुलाब्याचे लिओपोल्ड तर १८७१ पासूनचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेक्यांनी तेथे जेवत बसलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या, आणि थोड्याच दिवसांत ते पुन्हा उघडले. संगमरवरी टेबले, वाकविलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतींवर मोठे आरसे, गल्ल्याशेजारी काचेच्या बरण्यांत खारी व नानकटाई, असा ह्या सर्वांचा थाट. चहा कडक हवा असेल तर ‘पानी कम’ म्हणायचे. कडक पाठीचा ब्रून पाव लोणी लावून चहात बुडवायचा. ब्रिटानियाचा बेरी पुलाव प्रसिद्ध आहे. मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नीने तो इराणची चव ध्यानात धरून येथे आणला. हे गृहस्थ नव्वदी उलटली तरी टेबलाटेबलावर जाऊन गिऱ्हाइकाची चौकशी करीत. २०१९ साली ते वारले.

आता मुद्द्याची गोष्ट. पुष्कळ इराण्यांच्या हॉटेलात ‘फॅमिली रूम’ असे. कोठे माळ्यावर, कोठे मागल्या बाजूस लाकडी फळ्यांची आडभिंत घालून व दारावर पडदा सोडून. बाहेरच्या दालनात पुरुष वर्तमानपत्रे वाचीत व विड्या ओढीत बसत; बायकामुले आली की पोऱ्या त्यांना थेट आत नेई. आपल्या मराठी उपाहारगृहांनीही ही रीत उचलली. पाटीवर लिहीत, ‘स्त्रियांची बसण्याची स्वतंत्र सोय’. तेच शब्द मी वर मथळ्याला घेतले आहेत.

पडद्याआड बसविणे हा मान, की लपवून ठेवणे? आजच्या मुलींना हा अपमान वाटेल, आणि तो थोडा होताही. रस्त्याच्या बाजूची, वाऱ्याची जागा पुरुषांना आणि आम्हाला माळ्यावरचा उकाडा. पण ज्या बाईला सासूने रस्त्यात तोंड हलवू नको म्हणून सांगितले आहे, तिला चार फळ्यांच्या आत बसून गरम चहा मिळाला ही लहान गोष्ट नव्हे. सासूबाई पुढे एकदा सासऱ्यांबरोबर अशा खोलीत गेल्या होत्या. त्यांना चहाची चव आठवत नाही. आठवते ती मागची मोरी आणि हात धुण्याचे बेसिन! पुढे पुढे कॉलेजची मुले-मुली ह्या खोल्यांत तास तास बसू लागली, तेव्हा घरंदाज माणसांनी तेथे जाणे सोडले, ही गोष्ट निराळी.

इराण्याचा दुसरा गुण म्हणजे तेथे जात विचारीत नसत. त्या काळी हिंदू हॉटेलांच्या पाट्यांवर कोणाचे हॉटेल हे लिहिलेले असे, आणि पंगतीला बसणाराची जात पाहिली जाई. कित्येकांना दारातच अडवीत. इराण्याकडे गिरणीतला कामगार, वकील, हमाल सारे एकाच टेबलाशी. मग २६ जानेवारी १९५० पासून आपली राज्यघटना लागू झाली. तिच्या १५ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान ह्यांवरून कोणालाही दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले ह्यांत मज्जाव करता येणार नाही. भगिनींनो, त्यातील ‘लिंग’ हा शब्द मी दोनदा वाचला. घटना लिहिणाऱ्यांनी आपल्या जेवणाचाही विचार केला होता.

तरीही कायदा झाला म्हणून बाई लगेच हॉटेलात शिरली असे झाले नाही. गंमत अशी की, मुंबईला बाहेरचे अन्न खाऊ घालण्यात बायकाच पुढे होत्या. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया पडला. मग कोकणातून व घाटावरून हजारो पुरुष आले; बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत दहा-बारा जण राहत. त्यांच्या जेवणासाठी गिरणगावात घरोघरी खाणावळी निघाल्या. एकेक बाई वीस-पंचवीस माणसांच्या भाकऱ्या दोन वेळा थापीत असे. जेवणारा महिना संपल्यावर पैसे देणार, म्हणून वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज तिच्याच डोक्यावर. ह्या बायकांनी साऱ्या गिरण्या पोसल्या. पण त्यांच्यातील एकीने तरी कधी दुसऱ्याच्या हातचे गरम ताट पुढ्यात घेतले असेल का, ह्याची मला शंका आहे.

प्रेमा पुरव ह्या कार्यकर्तीने १९७५ साली ह्या खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. पुरवबाई मूळच्या गोव्याच्या, तेथील मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या. त्यांनी बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांतून कर्जे मिळवून दिली व सावकाराच्या हातून सोडविले. जिच्या घरात दागिना नाही तिला बँक कर्ज देते, हे तेव्हा नवल होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, कित्येक गावी निघून गेले, आणि खाणावळींची चूल थंडावली. तेव्हा एकटी बाई बुडाली असती. मंडळ होते म्हणून अनेकींना दुसऱ्या ठिकाणी डबे व जेवणे पुरविण्याचे काम लाभले. आपल्या शेजारी वाशीलाही त्यांनी केंद्र उभारले. पुरवबाईंना २००२ साली पद्मश्री मिळाली. आपल्या मंडळातील ज्या भगिनी आज एमआयडीसीतील कंपन्यांना डबे देतात, त्यांनी हे नाव जरूर लक्षात ठेवावे.

दादर-गिरगावची मराठी उपाहारगृहे व माटुंग्याची उडुपी हॉटेले ह्यांवर स्वतंत्र लेख होईल. दादरला मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० पासूनचे, बटाटेवड्याकरिता नावाजलेले. माटुंगा स्टेशनजवळ रामा नायक यांनी १९४२ साली उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढले. तेथे केळीच्या पानावर भरपेट जेवण मिळते. अशा ठिकाणी दारू नाही, सामिष नाही, विडीचा धूर नाही. म्हणून बायका तेथे पडद्यावाचून बसू लागल्या. माझ्या मते फॅमिली रूमचा पडदा प्रथम इडली-डोशाने बाजूला सारला. आम्ही आगरी माणसे, मासळीवाचून आमचे जेवण होत नाही. पण हे श्रेय उडुप्याला दिलेच पाहिजे.

वडापावाने तर टेबलच काढून टाकले. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला आरंभ केला असे सर्वत्र सांगतात. उभ्याने खायचे, कागद टाकून गाडी धरायची. जेथे बसायचेच नाही तेथे स्वतंत्र सोय कशाला? सासूबाईंनी नंतरच्या काळात स्टेशनावर वडापाव खाल्ला तो लोकांकडे तोंड करून, हे मी स्वतः पाहिले आहे.

आता एक अवघड विषय. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला. पुढे तो सैल होत गेला आणि परवाना असलेल्यास दारू मिळण्याची खोली म्हणून ‘परमिट रूम’ हा शब्द रूढ झाला. आज रस्त्याने जाताना पाटी वाचा: ‘फॅमिली रेस्टॉरंट आणि बार’. फॅमिली हा शब्द पूर्वी बायकामुलांच्या खोलीवर होता, तो आता बारच्या दारावर जाऊन बसला आहे. आत पाहावे तर फॅमिली दिसत नाही. २००५ साली सरकारने डान्सबारवर बंदी घातली, ती २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पण मधल्या काळात तेथे नाचून घर चालविणाऱ्या हजारो बायकांचे काय झाले ह्याची चौकशी थोड्यांनीच केली. बारविषयी माझे मत चांगले नाही, त्या बायकांविषयी मात्र मी वाईट बोलणार नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही तिघीजणी दवाखान्याच्या कामासाठी मुंबईत गेलो होतो. दुपारचे दोन वाजले, एका हॉटेलात शिरलो. नाव देत नाही. वेटरने आमच्या मागे दाराकडे पाहिले व विचारले, “सोबत कोण आहे?” आम्ही तिघी एकमेकींच्या सोबत होतो, ते त्याच्या हिशेबात नव्हते. माझ्या मैत्रिणीने सांगितले, “भूक आहे सोबत, ताट वाढा.” आम्ही दारासमोरच्या टेबलावर बसलो आणि मासळीची थाळी पूर्ण जेवलो. जेवण बरे होते, सोलकढी पातळ होती.

पाण्याची अडचण मात्र अजून संपलेली नाही. मुंबईतील संस्थांनी २०११ साली स्त्रियांना सार्वजनिक ठिकाणी मोफत व स्वच्छ मुतारी मिळावी म्हणून ‘राइट टू पी’ ही चळवळ सुरू केली. नाव उच्चारायला पुरुषांना संकोच वाटला, बायकांना वाटला नाही. पुष्कळ बायका आजही मुंबईस जाताना सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत.

इराण्यांची हॉटेले पूर्वी शेकड्यांनी होती, ती आता फार थोडी उरली आहेत. जागांचे भाव वाढले, मुले शिकून दुसरीकडे गेली. म्हणून यंदाची सहल देवदर्शनाबरोबर तिकडेही न्यावी असे मी कार्यकारिणीला सुचविले आहे. ब्रिटानिया दुपारी जेवणाच्या वेळेस उघडे असते, तेव्हा सकाळच्या गाडीने निघावे लागेल. बोरीबंदरहून ते चालत जाण्याजोगे आहे. पुलावाची थाळी आपल्याकडच्या मानाने महाग पडेल, दोघींत एक घ्यावी. जमले नाही तर धोबीतलावला ब्रून मस्का आणि चहा आहेच. सासूबाईंनी आपले नाव पहिले लिहायला सांगितले आहे, आणि खिडकीजवळचे टेबल पाहिजे म्हणाल्या आहेत.