इंटरफेरॉन आणि मज्जासंस्थेचे विकार

विषाणूंचा शिरकाव झालेल्या पेशींतून स्रवणाऱ्या आणि शेजारच्या निरोगी पेशींना वर्दी देऊन त्यांच्या ठायी विषाणूंच्या वाढीस प्रतिबंध करविणाऱ्या प्रथिनांस इंटरफेरॉन म्हणतात. लंडनमधील मिल हिल येथे ॲलिक आयझॅक्स व जाँ लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये त्यांचा शोध लावला. अल्फा, बीटा व गॅमा हे त्यांचे प्रमुख प्रकार होत.

मल्टिपल स्क्लेरोसिस : या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंवरील मायलिनचे आवरण नष्ट करते. विकाराच्या मुळाशी एखादा विषाणू असावा, या तर्कास अनुसरून अमेरिकेतील बफलो येथे लॉरेन्स जेकब्स यांनी बीटा इंटरफेरॉन रुग्णांच्या मेरुद्रवात टोचून पाहिले, व विकाराचे झटके कमी झाल्याचे १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. उलट गॅमा इंटरफेरॉन दिलेल्या १८ रुग्णांपैकी ७ जणांना उपचार चालू असतानाच झटके आल्याचे १९८७ मध्ये जाहीर झाले, आणि ती तजवीज सोडून द्यावी लागली. विकाराच्या वाटचालीवर परिणाम करणारे पहिले औषध म्हणून अमेरिकेत १९९३ मध्ये मंजुरी मिळाली ती बीटा–१बी या प्रकारास. लसीका पेशींचा मेंदूतील प्रवेश रोखून ते झटक्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटविते. मात्र झालेली हानी भरून काढीत नाही. ज्वर, अंगदुखी, टोचल्या जागी दाह व यकृतावर ताण हे त्याचे उपद्रव असून, काही रुग्णांत त्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होऊन गुण ओसरतो.

न्यूनता व अतिरेक : टीएलआर–३ या ग्राहकाच्या जन्मजात दोषामुळे मेंदूत पुरेसे इंटरफेरॉन निर्माण न झाल्यास नागीण वर्गातील हर्पीस सिंप्लेक्स विषाणूमुळे बालकांस प्राणघातक मस्तिष्कदाह होऊ शकतो. याउलट, जाँ एकार्दी व फ्रान्स्वाज गूतिएर यांनी १९८४ मध्ये वर्णिलेल्या आनुवंशिक विकारात कोणताही संसर्ग नसताना मेरुद्रवात अल्फा इंटरफेरॉन साचते, आणि मेंदूत चुन्याचे थर बसून बालकाची वाढ खुंटते. यकृतदाहावरील उपचारासाठी दिलेल्या अल्फा इंटरफेरॉनमुळेही अनेक रुग्णांस तीव्र खिन्नता येते, म्हणून उपचारकाळात मानसिक प्रकृतीवर लक्ष ठेवणे अगत्याचे असते.

यास्तव चिकित्सेच्या दिशाही दोन झाल्या आहेत : मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये वैद्य इंटरफेरॉन बाहेरून पुरवितात, तर एकार्दी–गूतिएर विकारात, त्याची वर्दी पेशीच्या अंतर्भागापर्यंत पोहोचू न देणारी बॅरिसिटिनिबसारखी औषधे योजितात.