कायद्यातले चार शब्द आणि हातांनी चालणारी गाडी

मंडळी, थोडा इतिहास सांगतो. विषय छोटा वाटेल, पण ज्याचे पाय चालत नाहीत त्याला विचारा.

१ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. तेच वर्ष संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. पुढे १९८८ चा मोटार वाहन कायदा आला. त्यात अपंगांच्या गाडीला नाव होतं 'इनव्हॅलिड कॅरेज'. व्याख्या काय? अपंग व्यक्तीसाठी खास आखून बांधलेली, 'नुसते बदल केलेली नव्हे', अशी गाडी.

हे चार शब्द ब्रिटिश वळणाचे. तिकडे १९४८ नंतर सरकार अपंगांना छोट्या तीनचाकी गाड्या देत होतं, कारखान्यातूनच हातांनी चालवायला बनवलेल्या. आपल्याकडे मात्र माणूस बाजारातली साधी गाडी घेणार आणि फिटरकडून लिव्हर बसवून घेणार. म्हणजे नेमकं जे परवडतं, तेच व्याख्येबाहेर!

आता हे काम असतं कसं? एकच लिव्हर : पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की अ‍ॅक्सिलरेटर. त्यामुळे दोन्ही एकदम दाबले जात नाहीत. ब्रेकला केबल चालत नाही, कारण केबल ओढता येते, ढकलता येत नाही. तिथे भक्कम लोखंडी दांडाच हवा. हातात पायाइतका जोर नसतो, म्हणून लिव्हरची लांबी हिशोबाने ठरवावी लागते. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते; तेव्हाही त्याच हाताने गाडी थांबली पाहिजे. क्लचचा प्रश्न ऑटोमॅटिक गिअर सोडवतो. मूळ पेडल तसेच ठेवले की घरातली इतर माणसंही गाडी चालवू शकतात.

वेल्डिंग कच्चं राहिलं तर जीव जाईल, ही सरकारची भीती खोटी नव्हती. पण त्यावर उपाय तपासणी हा होता, व्याख्येतून हाकलणं नव्हे. अहमदनगरला राहिलेल्या दीपा मलिक यांनाही रॅलीसाठी बदललेल्या गाडीचा परवाना मिळवायला दीड वर्षाहून जास्त झगडावं लागलं. त्याच दीपाताईंनी २०१६ ला रिओत गोळाफेकीत रौप्यपदक आणलं.

अखेर २०१९ च्या दुरुस्तीने 'इनव्हॅलिड कॅरेज' गेलं आणि 'अ‍ॅडाप्टेड व्हेइकल' आलं. खास बांधलेली गाडीही चालेल, अटी पाळून बदललेलीही चालेल. चार शब्द काढायला तीस वर्षं लागली.

आता प्रश्न आपला आहे. जालना हे स्टीलचं गाव. लेथ आणि वेल्डिंगवर बसणाऱ्या हातांची इथे वानवा नाही. आयटीआय आणि आरटीओ एकत्र बसले, नमुना ठरला, तपासणीची पद्धत ठरली, तर हे काम इथेच होऊ शकतं. कायदा बदलला म्हणून गाडी आपोआप बदलत नाही. आपल्या आमदारांना, आरटीओ साहेबांना हे विचारायला काय हरकत आहे?