राखाडी पट्टा

माझ्या कार्डाचा पट्टा राखाडी, शेजारच्याचा निळा. कोड एकच, सकाळची स्टँडअप मीटिंग एकच, कामं वाटून देणारी मॅनेजरही एकच. पण तो कंपनीचा माणूस आणि मी दुसऱ्या कंपनीकडून तासाच्या दराने घेतलेला.

इंजिनिअरिंगला अर्थशास्त्राचा एक पेपर होता. मागणी-पुरवठ्याच्या रेघा मारून पास झालो. मुळात कंपनी असते कशाला, हे त्यात कुणी विचारलं नव्हतं.

ते विचारलं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या बी.कॉम.च्या एका पोराने, रोनाल्ड कोसने. अर्नोल्ड प्लांट यांच्या सेमिनारमध्ये तो शिकला होता की बाजारातल्या किमतीच सगळ्याचा मेळ घालतात. मग कारखान्यात साहेब कशाला? तिकडे लेनिनला अख्खा रशिया एका कारखान्यासारखा चालवायचा होता. पाश्चात्त्य अर्थतज्ज्ञ म्हणत, अशक्य. पण त्यांच्याच देशांत अवाढव्य कारखाने चालू होतेच की! १९३१-३२ मध्ये कोस शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेला, फोर्ड आणि जनरल मोटर्सचे कारखाने पाहून आला. १९३२ मध्येच स्कॉटलंडमधल्या डंडीत शिकवताना त्याने आपलं उत्तर मांडलं. वय २१. (त्या वयात मी प्लेसमेंटसाठी ॲप्टिट्यूडची गणितं सोडवत होतो.)

उत्तर असं: बाजार फुकट नसतो. माणूस शोधा, घासाघीस करा, करार लिहा. प्रत्येक कामाला हा खर्च. त्यापेक्षा एकदाच करार करायचा, की ठरलेल्या मर्यादेत तुम्ही सांगाल ते मी करीन. हा खर्च वाचतो तोवर कंपनी वाढते. आतला कारभारच महाग पडू लागला की काम पुन्हा बाजारात जातं. निबंध छापून आला १९३७ मध्ये, नोबेल मिळालं १९९१ मध्ये.

मी अडकलो ते निबंधाच्या शेवटाशी. तिथे कोस कायद्याकडे वळतो. नोकर कोण आणि स्वतंत्र कंत्राटदार कोण? इंग्लंडच्या कायद्याची तेव्हाची कसोटी साधी: काम कसं करायचं हे सांगायचा हक्क मालकाला असेल, तर तो नोकर.

या कसोटीवर सकाळी दहा वाजता मी नोकर ठरतो आणि महिनाअखेरीला बिलातली एक ओळ. हुकमाचा हक्क त्यांनी ठेवला, नोकरीची हमी तेवढी वगळली.

माझी मुदत ३१ मार्चला संपते. काल निळ्या पट्टेवाल्याने विचारलं, "एप्रिलच्या रिलीजचं मॉड्यूल तू घेशील ना?"

मी हो म्हणालो.