चष्मा उतरवण्याचा इतिहास आणि मद्रास

मागच्या महिन्यात बेळगावहून पुतण्याचा फोन आला. "काका, चष्म्याचा कंटाळा आलाय. कॉन्टॅक्ट लेन्स लावू, लेझर करू, की डोळ्यात लेन्स बसवून घेऊ?" त्याचा नंबर उणे नऊ. मी म्हटलं, "अरे, मी फौजी माणूस, सल्ला डॉक्टर देतील. मी तुला या तिघांचा इतिहास सांगतो. डॉक्टरांना काय विचारायचं, ते त्यातून कळेल." तोच आज तुम्हाला सांगतो, कारण मी राहतो त्या चेन्नईतून या इतिहासाचे बरेच धागे जातात.

१८१९ साली इथे मद्रास आय इन्फर्मरी सुरू झाली. लंडनचं मूरफील्ड्स १८०५ चं. म्हणजे फक्त चौदा वर्षांचं अंतर. तेच आजचं एग्मोरचं सरकारी नेत्ररुग्णालय. त्याच काळात तंजावरला आपले सरफोजीराजे दुसरे धन्वंतरी महालात नेत्ररुग्णांच्या नोंदी ठेवून घेत होते, डोळ्यांच्या चित्रांसकट. सरस्वती महाल ग्रंथालयात ते कागद आजही आहेत.

आता कॉन्टॅक्ट लेन्स. १८८८ मध्ये आडोल्फ फिक यांनी डोळ्यावर बसणाऱ्या काचेच्या भिंगाची माहिती प्रसिद्ध केली. काच जड, काही तासांपलीकडे सोसवत नसे. मऊ लेन्स आली १९६१ मध्ये. प्रागचे ओटो विख्टरले यांनी मुलांच्या मेर्कुर खेळण्याच्या तुकड्यांपासून यंत्र जुळवून ती घरीच बनवली. या उपायात डोळ्याला कुठे छेद नाही; नको वाटली की काढून ठेवा. पण शिस्त हवी: हात स्वच्छ, नळाचं पाणी वर्ज्य, झोपताना काढायची. मी ही शिस्त मोडली. राजस्थानात सरावाच्या वेळी वाळू उडत असताना लेन्स तशीच ठेवून डोळा चोळला. बुबुळावर ओरखडा उठला आणि आठवडाभर पट्टी बांधून तंबूत बसलो. चूक सर्वस्वी माझी.

दुसरा उपाय लेझर. रंगस्वामी श्रीनिवासन यांचा जन्म १९२९ चा, मद्रासचाच. मद्रास विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत आयबीएममध्ये गेले. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, उरलेल्या टर्कीच्या मांसावर त्यांनी एक्सायमर लेझर सोडला. कडा न जळता स्वच्छ छेद गेला. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे त्यांचे सहकारी. १९८३ मध्ये डॉ. स्टीफन ट्रोकेल यांच्यासोबत हाच प्रयोग प्राण्यांच्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर झाला. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम हा पडदा करतो. लेझर त्याला झिजवून नवा आकार देतो. झिजलेलं परत येत नाही. म्हणून पडद्याची जाडी पुरेशी हवी आणि नंबर स्थिर झालेला हवा. नंबर जितका मोठा, तितकी झीज जास्त.

तिसरा उपाय डोळ्याच्या आतल्या भिंगाचा, आणि तो युद्धातून आला. ऑगस्ट १९४० मध्ये हरिकेन विमानाचा वैमानिक गॉर्डन क्लीव्हर याच्या डोळ्यांत छत्रीच्या पर्स्पेक्सचे तुकडे घुसले. डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी पाहिलं, की डोळा ते तुकडे मुकाट्यानं सोसतो. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाला बसवलं. मी १९८३ मध्ये पदवीनंतर जिथे अधिकारी म्हणून घडलो, ते मद्रासचं प्रशिक्षण केंद्रही सेंट थॉमस माउंटवरच!

या शोधाचं मोल मला आजीमुळे कळलं. तिचा मोतीबिंदू काढला, पण आत भिंग बसवलं नव्हतं. नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. एकदा तो फुटला, तर नवा येईपर्यंत अकरा दिवस ती उंबऱ्याशी बसून राहिली. पायऱ्या उतरायची हिंमत नव्हती. रिडलींना जाऊन तोवर पंचवीस वर्षं झाली होती, असं नव्हे. ते हयात होते, भिंगही होतं. आमच्या गावापर्यंत पोचलं नव्हतं, एवढंच.

ते पोचवणाऱ्यांत एक माजी फौजी डॉक्टर होते, गोविंदप्पा वेंकटस्वामी. संधिवातानं बोटं वाकडी झालेली, तरी एग्मोरला नेत्रशास्त्र शिकले. १९७६ मध्ये मदुराईत अकरा खाटांवर अरविंद नेत्ररुग्णालय काढलं. १९९२ मध्ये तिथेच ऑरोलॅब उभी राहिली आणि परदेशी भिंगाच्या किमतीच्या लहानशा हिश्शात देशी भिंग मिळू लागलं. माझ्या डाव्या डोळ्यात आज असंच एक भिंग आहे.

तरुणांसाठी मात्र वेगळं भिंग असतं. ते नैसर्गिक भिंग न काढता त्याच्या पुढे बसवतात. मोठ्या नंबराला चालतं, गरज पडली तर काढता येतं. पण शस्त्रक्रिया डोळ्याच्या आत होते. त्यामुळे जंतुसंसर्ग, दाब वाढणं, मोतीबिंदू लवकर येणं हे धोके थोडे का होईना, असतात.

पुतण्याची तपासणी झाली. पडदा पातळ निघाला, लेझर बाद. हिरमुसला. मी म्हटलं, "तपासणीनं तुझा डोळा वाचवला, असं समज." आता तो लेन्स लावतो आहे आणि आतल्या भिंगाचा विचार सावकाश करतो आहे.

शेवटी दोन गोष्टी. चाळिशीचा वाचायचा चष्मा आणि म्हातारपणचा मोतीबिंदू यांपैकी कशानेच टळत नाहीत. आणि लेझर केलंत, तर आधीच्या मोजमापांचे कागद जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढायला ते लागतात. सरफोजीराजांचे कागद दोनशे वर्षं टिकले, आपले तीस-चाळीस तरी टिकवूया.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!